‘जपून राहा’ म्हणजे नेमके काय? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री, गोवा राज्य.



मी पेडणे तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. व्हॉलीबॉलचे नेट ताणणे, चुन्याने कबड्डीचे मैदान आखणे, वार्षिक क्रीडा महोत्सवात रस्सीखेचीच्या दोराजवळ उभे राहून शिट्टी मारणे, यात माझी २४ वर्षे गेली. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढलेला निघाला म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला सांगितले. अहवालात एक आकडा आला : ४.४ सेंटिमीटर. हृदयातून निघणारी महाधमनी सुरुवातीच्या भागात मोठ्या माणसाची साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर रुंद असते. माझी त्याहून बरीच रुंदावली होती. अहवाल वाचणारे डॉक्टर म्हणाले, “घाबरण्यासारखं काही नाही. वर्षाने परत इको करा आणि जपून राहा.”

मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी आठवीचा खेळाचा तास होता. चवथ तीन आठवड्यांवर आली होती. जपून राहायचे म्हणजे चेंडू मारायचा की नाही? गणपती उचलायचा की नाही? जिना चढायचा की नाही? विचारायला परत आत गेलो तर पुढचा रुग्ण बसला होता आणि त्याच्यामागे वीसजण रांगेत होते. मी घरी आलो.

हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे.

मुख्यमंत्री महोदय, त्या दोन शब्दांचा अर्थ न कळल्याने मी एकामागून एक दोन चुका केल्या. पहिले दोन महिने काहीच बदलले नाही. जिममधल्या प्रशिक्षकाला अहवाल दाखवला. मुलगा मनाने चांगला. तो म्हणाला, “सर, स्नायू घट्ट झाले की शिराही घट्ट होतात,” आणि त्याने बारला आणखी दोन प्लेट लावल्या. मी श्वास कोंडून, दात आवळून तो बार उचलला. पुढे कुणीतरी अशाच दुखण्याने गेलेल्या माणसाची हकिगत सांगितली आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. खेळ बंद, चालणे बंद, बाजारालाही स्कूटरवरून. आठ महिन्यांत नऊ किलो वजन वाढले आणि रक्तदाब १५०/९४ वर गेला. शेवटी एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी वीस मिनिटे समोर बसवून घेतले. त्या म्हणाल्या, “आधी तुम्ही वजनं उचलून शीर फाडायला निघाला होता. आता बसून बसून रक्तदाब वाढवताय, म्हणजे तेच काम सावकाश करताय.” मग त्यांनी एका कागदाच्या पाठीवर तीन रकाने आखले : ‘रोज करा’, ‘विचारून करा’, ‘करू नका’. तिन्ही रकान्यांत माझ्याच आयुष्यातली कामे लिहिली.

तो कागद आजही माझ्या पाकिटात आहे. माझे म्हणणे एवढेच, की असा कागद हाती पडणे एखाद्या डॉक्टरांच्या सवडीवर अवलंबून असू नये. तो सरकारी कागद असावा आणि ज्याला गरज आहे त्याला अहवालासोबत मिळावा.

आपल्यालाच लिहिण्याचे कारण सांगतो. आपण आयुर्वेदाचे पदवीधर आहात, शरीराची भाषा आपल्याला परकी नाही. आपला साखळी मतदारसंघ डिचोली तालुक्यात येतो. तिथला माणूस दिवसाकाठी किती ओझे उचलतो हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. शिवाय हा प्रश्न आरोग्य, क्रीडा आणि शिक्षण या तिन्ही खात्यांच्या सीमेवर पडतो. सीमेवरच्या जमिनीची मशागत कुणीच करत नाही. ती करायची तर तिन्ही खात्यांच्या वर बसलेल्याने सांगावे लागते.

आधी महाधमनीला होते काय, ते थोडक्यात. कुळागराला पाणी सोडायचा जुना पाइप एखाद्या जागी फुगतो. पंप तोच, दाब तोच, पण फुटायचा तर तो त्या फुगलेल्या जागीच. कारण नळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त, आणि रुंदावताना भिंत पातळही होत जाते. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचा नियम हेच सांगतो. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरला तर रक्त थरांच्या मध्ये घुसते आणि केळीच्या खोडाचे सोपट सुटावे तसे थर सुटत जातात. हृदयाजवळच्या भागात असे झाले आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला साधारण शंभरातला एक ते दोन रुग्ण दगावतो.

एवढे ऐकून माणूस घाबरतो, म्हणून दुसरी बाजूही लगेच सांगायला हवी. ४.४ सेंटिमीटरवर असे होण्याचा धोका कमी असतो. बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेचा विचार ५.५ सेंटिमीटरच्या आसपास होतो. मार्फान सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असेल किंवा महाधमनी भराभर वाढत असेल, तर त्याआधी. मधली कितीतरी वर्षे माणूस नीट जगू शकतो. त्यासाठी रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवायचा, तंबाखू सोडायची, वेळच्या वेळी मोजमाप करायचे आणि दाब एकाएकी उसळणार नाही असे वागायचे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली प्रतिजैविके शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. आपल्याकडे ही औषधे पोट बिघडले, लघवीची जळजळ झाली तरी दिली जातात. म्हणून आपली महाधमनी रुंद आहे हे रुग्णाने प्रत्येक डॉक्टरला स्वतःहून सांगितले पाहिजे.

दाब उसळतो म्हणजे किती? १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण, तगड्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून, वजन उचलत असताना रक्तदाब मोजला. पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. दवाखान्यात १५०/९४ पाहून मी घाबरलो होतो. श्वास कोंडून तो बार उचलला तेव्हा माझा दाब किती असेल, याचा विचार आजही नकोसा वाटतो. येल विद्यापीठातले शल्यविशारद जॉन एलेफ्टेरियाडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात वजन उचलताना महाधमनी फाटलेल्या माणसांची नोंद प्रसिद्ध केली. आपल्या छातीत असा फुगवटा आहे हे त्या माणसांना आधी ठाऊक नव्हते.

खरा शत्रू आहे तो कोंडलेला श्वास आणि आवळलेले अंग. शौचाला जोर करणे हेही त्यातच आले. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली शौचकूपातच कोसळला आणि शवविच्छेदनात त्याची महाधमनी चिरलेली आढळली. म्हणून बद्धकोष्ठावरचा उपचार हाही या आजारात हृदयाचाच उपचार समजावा.

आता आपल्या गावांकडे येतो. परदेशातल्या मार्गदर्शक पुस्तिकांत ‘जड वजन उचलू नका, श्वास कोंडून जोर लावू नका, अंगावर आदळण्याचे खेळ खेळू नका’ असे लिहिलेले असते. ते बरोबरच आहे. पण पेडण्यातल्या माणसाला त्यातून काय कळणार? त्याच्या आयुष्यात डेडलिफ्ट नसते. चिरे असतात. चिरेखाणीवर दिवसभर चिरा उचलून ट्रकात रचणारा कामगार कुठल्याही जिमपेक्षा जास्त वजन उचलतो. मोरजी, मांद्रे, हरमल, केरीच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारे लोक वाळूत टाचा रोवून, अंग मागे झोकून दोर ओढतात. त्यांचे स्नायू आवळलेलेच राहतात आणि श्वास नकळत थांबतो. माडावर चढणाऱ्या पाडेल्याचे सगळे अंग त्याच्या हातापायांच्या पकडीवर तोललेले असते. ५० किलोचे सिमेंटचे पोते, भाताचे पोते, भरलेला गॅसचा सिलिंडर, विहिरीतून ओढलेली घागर, खाली बसलेला ट्रकचा टायर. ही आपली वजने. पत्रकात यांची नावे यायला हवीत.

आणि आपले सण. चवथीला मोठी मूर्ती पाटावरून उचलून विसर्जनाला नेणे, नरकासुराचा सांगाडा खांद्यावर घेऊन गाव फिरणे, दहीहंडीच्या थरात सर्वांत खाली खांदा देणे, पेडण्याच्या पुनवेला देवाचे तरंग तोलणे, शिगमोत तासन् तास ढोल अंगावर घेऊन नाचणे. यातले बरेचसे नुसते काम नसते, तो मान असतो. पिढ्यान् पिढ्या एका घराकडे आलेला असतो. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तरी मान सोडायला माणूस तयार होत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून मी गावकऱ्यांना, महाजनांना आणि मंडळांनाही या पत्रातून विनवतो : मान घराचा असतो, एका खांद्याचा नसतो. काकाच्या खांद्यावरून तो पुतण्याच्या खांद्यावर गेला तर देव रागावत नाही. काकाने सोबत चालावे, गजर करावा. त्याचे स्थान कमी होत नाही, हे गावाने त्याला मोठ्याने सांगावे. गेल्या चवथीला आमच्या घरी मूर्ती माझ्या पुतण्याने उचलली. मी पुढे दिवा धरून चाललो. डोळे भरून आले, पण पावले थांबली नाहीत.

ज्यांचे पोटच ओझ्यावर आहे त्यांची गोष्ट वेगळी. चिरे उचलणाऱ्याला ‘जपून राहा’ म्हणणे म्हणजे ‘उद्यापासून मजुरी बुडव’ म्हणणे. त्याने अहवाल खिशात घातला आणि पुन्हा चिरा उचलला, तर तो बेफिकीर नसतो. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. वैद्यकीय दाखल्यावर अशा कामगाराला हलके काम मिळवून देण्याची काही तरी वाट सरकारने काढली पाहिजे. नाहीतर इकोचा सगळा खर्च वाया जाणार.

आता काय करावे, हे सांगतो, कारण नुसती बंदी कुणाला जगवत नाही. चाला. अमेरिकन हृदयरोग संघटनांनी २०२२ मध्ये महाधमनीच्या आजारावर जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत रक्तदाब आटोक्यात असलेल्या रुग्णांना आठवड्यातून निदान तीन-चार दिवस, ३० ते ६० मिनिटे हलका ते मध्यम व्यायाम करायला सुचवले आहे. सपाट रस्त्यावर चालणे, सावकाश सायकल, शांत पाण्यात पोहणे. वेग ओळखायची खूण सोपी आहे : चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता बोलता वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, बोलण्यावर ठेवावा. सुरुवात आणि शेवट सावकाश करावा. एकदम धाव घेऊ नये. वजन उचलायचेच असेल, तर श्वास न कोंडता, बोलत बोलत पंधरा-वीस वेळा सहज उचलता येईल इतकेच. शेवटच्या वेळी चेहरा लाल झाला, दात आवळले, तर ते वजन आपले नाही. मी आता रोज सकाळी ४५ मिनिटे चालतो. नऊपैकी सात किलो उतरले, गोळीसह रक्तदाब १२४/७६ असतो आणि गेल्या दोन्ही इकोत आकडा ४.४ वरच आहे.

योगाबद्दल वेगळे लिहितो. ११ डिसेंबर २०२२ रोजी आमच्याच तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे उद्घाटन झाले. आपण त्या शास्त्रातलेच. महाधमनी रुंदावलेल्या माणसाने सावकाश श्वसन, शवासन, हलकी ताणासने करावीत. पण लांब कुंभक, जोरकस भस्त्रिका, मयूरासन, शीर्षासन यांत श्वास कोंडला जातो किंवा अंग आवळले जाते, म्हणून ती टाळावीत. योग नैसर्गिक आहे म्हणजे तो प्रत्येकाला सारखाच चालतो, हा समज आमच्या गावागावांतल्या शिबिरांत फार आहे. तो दूर करायला धारगळच्या संस्थानाहून योग्य जागा कुठली?

आता माझ्या मुलांविषयी. मी व्हॉलीबॉलचा संघ निवडतो तेव्हा माझी नजर उंच, लांब हाताच्या, सडपातळ मुलांकडे जाते. प्रत्येक प्रशिक्षकाची जाते. अमेरिकेची फ्लो हायमन अशीच निवडली गेली असेल. १.९६ मीटर उंची, जगातल्या सर्वोत्तम आक्रमक खेळाडूंपैकी एक, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधल्या मात्सुए इथे सामना चालू असताना ती बाकावर बसली आणि कोसळली. वय ३१. आधी हृदयविकाराचा झटका म्हणून सांगितले गेले. शवविच्छेदनात कळले की तिला मार्फान सिंड्रोम होता आणि महाधमनी फाटली होती. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच दोष निघाला आणि शस्त्रक्रियेने तो वाचला. बहिणीच्या मृत्यूने भावाला जीवदान दिले. आपण त्याआधी जागे होऊ शकतो.

मार्फान सिंड्रोम सुमारे ५००० माणसांत एकाला असतो. त्याच्या काही खुणा मोजपट्टीने आणि डोळ्यांनी दिसतात. हात आडवे पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी उंचीच्या १.०५ पटीहून जास्त. अंगठा आत घेऊन मूठ मिटली तर तो करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावतो. एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसरे मनगट वेढले तर त्यांची टोके एकमेकांवर चढतात. छातीचे हाड आत गेलेले किंवा पुढे आलेले, पाठीला बाक, सपाट तळवे, लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. यातल्या एखाद्या खुणेने आजार ठरत नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर मुलाला इकोसाठी आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवायला हवे. हे काम पीटीचा शिक्षक दोन मिनिटांत करू शकतो. २४ वर्षांत मला हे कुणी शिकवले नाही, आणि मी किती मुलांना काही न पाहता दोराला जुंपले असेल हे आठवले की झोप लागत नाही.

मूल तपासणीत सापडले तर त्याला मैदानाबाहेर बसवून ठेवणे हाही अन्याय आहे. आपल्या गोवा बोर्डात खेळाला क्रीडा गुण आहेत. ज्याला कबड्डी, रस्सीखेच, वेटलिफ्टिंग वर्ज्य, त्याला बुद्धिबळ, कॅरम, गुणलेखन, पंचगिरी यांतून ते गुण मिळण्याची वाट असावी. मैदानावर त्याच्या हाती शिट्टी द्यावी. कीव दाखवू नये.

महाधमनी रुंदावण्याचे दुसरे कारण मार्फानहूनही जास्त घरांत असते. महाधमनीच्या दारावरच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरातल्या एक ते दोन माणसांना जन्मतः दोनच असतात आणि त्यांतल्या अनेकांची महाधमनी पुढे रुंदावते. २०११ च्या जनगणनेत पेडणे आणि डिचोली तालुक्यांची मिळून लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या जवळ होती. एक टक्का धरला तरी दीड हजारांहून जास्त माणसे झाली. मी त्यांतलाच. माझा धाकटा भाऊ डिचोलीला असतो, खनिजाच्या ट्रकवर चालक आहे. माझ्या डॉक्टरीणबाईंनी सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा इको करायला सांगितला, तेव्हा तो हसला. “मला काय झालंय? मी ताडपत्रीचा दोर एकटा आवळतो.” अखेर आईने गळ घातली म्हणून तो आला. त्याचीही झडप दोन पाकळ्यांची निघाली आणि महाधमनी ४.१. आता ताडपत्रीचा दोर क्लीनर आवळतो. घरातल्या बायकांनाही हे लागू आहे. ज्या घरात हा दोष आहे त्या घरच्या मुलीचा इको गरोदरपणाआधी व्हावा, कारण महाधमनी आधीच रुंद असेल तर गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे दिवस तिच्यासाठी जोखमीचे असतात.

शेवटी, वेळ आलीच तर. महाधमनी चिरते तेव्हा छातीत किंवा पाठीत, खांद्याच्या फऱ्यांमध्ये, काहीतरी फाटल्यासारखी कळ एकाएकी येते आणि पहिल्या क्षणापासून ती असह्य असते. आपल्याकडे ती गॅस म्हणून सोड्यावर निभावली जाते, नाहीतर हृदयविकाराचा झटका समजली जाते. झटक्यावर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जीव वाचवते. महाधमनी चिरलेली असताना तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. ‘स्टेमी गोवा’ योजनेने लहान आरोग्य केंद्रांतले इसीजी थेट तज्ज्ञांपर्यंत पोचवून आपल्या राज्यात मोठे काम केले आहे. त्याच यंत्रणेत इंजेक्शनच्या आधी चार गोष्टी विचारणे आणि पाहणे सक्तीचे असावे : कळ फाटल्यासारखी आहे का, पाठीत आहे का, महाधमनी रुंद असल्याचे आधी माहीत आहे का, दोन्ही हातांच्या रक्तदाबात २० हून जास्त फरक आहे का. उत्तर ‘हो’ आले तर आधी सीटी अँजिओग्राफी. पेडण्याहून गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जायचे म्हणजे कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मग मांडवी. या वाटेवर वाया गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. म्हणून घरच्यांनी खासगी गाडी शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा आणि पहिल्याच वाक्यात सांगावे : “यांची महाधमनी रुंद आहे.”

मुख्यमंत्री महोदय, माझ्या मागण्या पाच आहेत.

१. इकोत महाधमनी ४ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद आढळलेल्या प्रत्येक रुग्णाला अहवालासोबत मराठी आणि कोंकणीत एकपानी पत्रक मिळावे. त्यात तीन रकाने असावेत, आपल्या गावची कामे, खेळ आणि सण नावानिशी असावेत, आणि त्या रुग्णाचा आकडा व पुढच्या इकोची तारीख डॉक्टरांनी हाताने लिहावी. सुरुवात तुये, कासारवर्णे, डिचोली, साखळी आणि मये इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांतून करावी.

२. प्रत्येक जिम आणि व्यायामशाळेच्या प्रवेश-अर्जावर दोन प्रश्न सक्तीचे असावेत : रक्तदाब किती आहे, आणि घरात कुणी तरुण वयात अचानक दगावले आहे का किंवा कुणाला महाधमनीचा आजार आहे का. प्रशिक्षकांना गोमेकॉच्या हृदयरोग विभागाकडून अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण मिळावे.

३. शालेय आरोग्य तपासणीत हातांच्या पसाऱ्याचे मोजमाप आणि अंगठा-मनगटाच्या खुणा यांचा समावेश व्हावा, आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना ते शिकवले जावे.

४. रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडे आणि मुले यांचा इको मोफत व्हावा.

५. १०८ आणि ‘स्टेमी गोवा’च्या कार्यपद्धतीत वरचे चार प्रश्न सक्तीचे करावेत.

यांतल्या एकाही मागणीला नवी इमारत लागत नाही. राज्याने २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, त्यासाठी मैदाने उभी केली. मी तिथे मुलांना घेऊन गेलो होतो, अभिमानाने छाती भरून आली होती. त्याच मैदानांवर उद्या जी मुले उतरतील त्यांच्या छातीत काय आहे, हे पाहायला एक मोजपट्टी, एक इको आणि एक कागद पुरतो.

माझ्या पाकिटातल्या त्या कागदाची छायाप्रत या पत्रासोबत जोडत आहे. पाठीमागे एका औषध दुकानाचे बिल आहे, पुढे डॉक्टरीणबाईंचे अक्षर. तज्ज्ञांकडून तो तपासून घ्या, हवे ते बदल करा आणि पणजीच्या सरकारी मुद्रणालयाकडे पाठवा.

आपला,
पेडणे तालुक्यातील एक शिक्षक